उबंटू २२.०४ वरून २४.०४ करताना मधेच बंद पडलं, आता कर्नल पॅनिक. फॉरमॅट न करता वाचेल का?

मांडणी_कर्वेनगर

नमस्कार मंडळी, फोनवरून टाइप करतेय त्यामुळे थोडं इकडेतिकडे होईल, सांभाळून घ्या. मी घरून दिवाळी अंकांचं कंपोझिंग आणि पानांची मांडणी करते. स्क्रायबस, इंकस्केप, लिब्रेऑफिस, सगळं उबंटू लिनक्सवरच चालतं. लॅपटॉपवर आधी २०.०४ होतं, भावाने पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट (पासवर्डने कुलूपबंद) करून बसवून दिलं होतं, त्याच्यावरच पुढे २२.०४ झालं आणि ते अगदी सुरळीत झालं. आता अपडेटच्या खिडकीत २४.०४ आलंय असं दिसायला लागलं म्हणून रात्री जेवणं उरकल्यावर लावलं. डाउनलोड पूर्ण झालं, इन्स्टॉल सुरू झालं, पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली आणि एक एरर आली, तिचा फोटो आहे माझ्याकडे, त्यात 'अपडेट-इनिटरॅमएफएस' असं काहीतरी आणि खाली 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. ती खिडकी बंद केल्यावर पट्टी परत सरकायला लागली होती, तेवढ्यात लाईट गेली. बॅटरी जुनी आहे, चार्जर काढला की जीवच सोडते, त्यामुळे लॅपटॉप तिथल्या तिथे बंद.

आता चालू केला की काळी स्क्रीन, धडाधड पांढऱ्या ओळी, आणि शेवटी 'कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग, व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)'. एरवी सुरुवातीला डिस्कचा पासवर्ड विचारतो ना, तोही विचारत नाही.

जवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला तर तो म्हणाला हार्ड डिस्क गेली असणार, नाहीतर फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो. मला हे पटत नाहीये, कारण डिस्क अर्ध्याहून जास्त रिकामी होती, मग जागा नाही असं का म्हणतोय ते? एका अंकाची पानं शनिवार पेठेत प्रेसला गेलीयेत, पण दुसऱ्या अंकाच्या जाहिराती आणि शेवटच्या दुरुस्त्या या लॅपटॉपवरच आहेत. लेखकांनी दोन-दोनदा वाचून दिलेली प्रुफं आहेत हो ती, परत कुणाकडे मागायची? कृपया नीट सांगा, टर्मिनल मला वापरता येतं, कमांड दिली तर टाइप करीन.

जुना_कर्नल

ताई, डिस्क गेलेली नाही. डिस्क गेली असती तर कर्नलच, म्हणजे सिस्टीमचा गाभा, लोड झाला नसता, तो तर लोड होऊन एवढ्या ओळी छापतोय. अननोन-ब्लॉक(०,०) म्हणजे कर्नलला त्याची इनिटआरडी फाइल मिळाली नाही किंवा अर्धवट मिळाली. इनिटआरडी (इनिटरॅमएफएस म्हणतात ती हीच) ही एक छोटी तात्पुरती सिस्टीम असते, तीच तुम्हाला डिस्कचा पासवर्ड विचारते, कुलूप उघडते, आतलं एलव्हीएम (डिस्कचे भाग सांभाळणारी व्यवस्था) जागं करते आणि मग खरी डिस्क कर्नलच्या हातात देते. ती नाही म्हणून पासवर्डचा प्रश्न आला नाही. तुमची लक्षणं या एकाच गोष्टीकडे बोट दाखवतायत.

आणि जागेचं म्हणाल तर भरलंय ते बहुतेक /बूट. पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केली की उबंटू /बूटसाठी कुलुपाबाहेर एक वेगळं छोटं पार्टिशन करतं. तुमचं मूळ इन्स्टॉल २०.०४ चं आहे, तेव्हा ते पार्टिशन साधारण ७०० एमबीचंच केलं जायचं. बाकी डिस्क शेकडो जीबी रिकामी असली तरी त्याचा त्याला काही उपयोग नाही.

आत्ता एवढंच करा. चालू करताना कंपनीचा लोगो आला की एस्केप दाबा, एकदाच, हलकेच. जास्त वेळा दाबलं गेलं तर नुसता 'ग्रब>' असा ग्रबचा, म्हणजे सिस्टीम चालू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, प्रॉम्प्ट येतो, तसं झालं तर 'नॉर्मल' टाइप करून एंटर मारा आणि लगेच परत एकदा एस्केप. खूप जुनी बायॉस असेल तर एस्केपऐवजी शिफ्ट धरून ठेवायची. मेनू आला की 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबंटू' मधे जा आणि तिथे किती कर्नल दिसतात त्याचा फोटो काढा. सगळ्यात वरचा सोडून त्याच्या खालचा निवडून बघा, डिस्कचा पासवर्ड विचारला तर अर्धी लढाई जिंकलो. काहीही डिलीट करू नका अजून.

क्लीन_इन्स्टॉल

माझं मत वेगळं आहे. अर्धवट अपग्रेड झालेली सिस्टीम दुरुस्त करत बसण्यापेक्षा फाइल्स काढून घ्या आणि २४.०४ नव्याने टाका, तासाभराचं काम आहे. नव्याने टाकलं की /बूट पण मोठं मिळतं, परत ही कटकट नाही. मी दर एलटीएसला (जास्त वर्षं अपडेट मिळणाऱ्या आवृत्तीला) असंच करतो. हे काटकूट करून चालू केलेलं पुढे कधी कुठे दगा देईल सांगता येत नाही, आणि कामाचा लॅपटॉप आहे म्हणता तर धोका कशाला.

टर्मिनल_वारजे

फाइल्स आधी काढून घ्या हे एकदम बरोबर, त्याला माझाही पाठिंबा. पण नव्याने टाकणं तासाचं काम नाही हो, तासाभरात इन्स्टॉल होतं, पण त्यांचे फॉन्ट, स्क्रायबसच्या स्टाइल्स, कलर प्रोफाइल, प्रिंटरचा ड्रायव्हर, कीबोर्ड हे सगळं परत बसवायला किती वेळ जाईल, आणि तेही दिवाळी अंकाच्या तोंडावर. अपग्रेड मधे तुटलं म्हणजे सिस्टीम बिघडली असं नाही, पॅकेजं उलगडून ठेवलेली आहेत आणि त्यातली काही कॉन्फिगर व्हायची राहिलीयेत, डीपीकेजीकडे (पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रामकडे) कुठलं पॅकेज कुठल्या अवस्थेत आहे याची पक्की नोंद असते. शिवाय उबंटूचा अपग्रेडर सगळं आधी डाउनलोड करून /व्हार/कॅश/एपीटी/आर्काइव्ह्ज मधे ठेवतो आणि मगच इन्स्टॉलला हात घालतो, म्हणजे तुमच्याकडे माल सगळा घरात आहे.

फाइल्स काढायला: २४.०४ चं आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) पेनड्राइव्हवर घ्या, ६ जीबीच्या आसपास असतं ते, म्हणून ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागेल. विंडोजवर रूफस नावाच्या प्रोग्रामने बनतो. त्यावरून चालू करून 'ट्राय उबंटू' घ्या, इन्स्टॉल नाही. मग फाइल्स उघडलं की डाव्या बाजूला एन्क्रिप्टेड डिस्क दिसेल, क्लिक केलं की तुमचा नेहमीचा डिस्कचा पासवर्ड मागेल. आत होम फोल्डर असेल, तो सगळा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. लपवलेल्या फाइल्स पण घ्या, कंट्रोल एच दाबलं की दिसतात, स्क्रायबसची सेटिंग्ज आणि तुम्ही स्वतः टाकलेले फॉन्ट त्यातच असतात. मी वारज्यातच आहे, पेनड्राइव्ह तयार आहे माझ्याकडे, संध्याकाळी आणून देऊ शकतो, मेसेज करा.

मांडणी_कर्वेनगर

तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. वारजेवाल्या दादांनी पेनड्राइव्ह आणून दिला, आणि होम फोल्डर सगळा बाहेरच्या डिस्कवर आलाय. जाहिराती उघडून पाहिल्या, सगळं जागेवर आहे, आता जरा श्वास घेतला.

जुना_कर्नल, तुम्ही म्हणालात तसंच झालं. मेनूत चार कर्नल आहेत, दोन ५.१५ चे आणि दोन ६.८ चे. सगळ्यात वरचा ६.८ घेतला की पॅनिक. त्याच्या खालचा ६.८ घेतला की डिस्कचा पासवर्ड विचारतो, बरोबर घेतो, पण पुढे लॉगिनची स्क्रीन येत नाही, नुसता कर्सर लुकलुकत राहतो. मग त्याच कर्नलचा 'रिकव्हरी मोड' घेतला तर एक जांभळ्या रंगाचा मेनू आला, त्यातून 'रूट' घेतलं आणि टर्मिनल मिळालं. डीएफ -एच टाकून पाहिलं, /बूट ७०५ एम, अव्हेलेबल ०, १०० टक्के. आणि एक विचित्र, /ईटीसी/ओएस-रिलीज मधे २४.०४ असं लिहिलंय! मग झालं म्हणायचं का अपग्रेड?

एलएस -एलएच /बूट चा फोटो टाकलाय. इनिटआरडी ५.१५ च्या दोन फाइली दीड-दीडशे एमबीच्या, जुन्या ६.८ ची १८० एमबी, आणि नव्या ६.८ ची नाहीये, त्याऐवजी शेवटी '.न्यू' असलेली एक १२० एमबीची फाइल आहे.

जुना_कर्नल

फोटो पाहिला, आता चित्र स्वच्छ आहे.

आधी ओएस-रिलीजचं. ती फाइल बेस-फाइल्स नावाच्या पॅकेजमधून येते आणि ते पॅकेज लवकर बसतं. त्यामुळे अपग्रेड निम्म्यात तुटलं तरी तिथे २४.०४ दिसतं. तुमचं निम्मंअधिक झालंय, पूर्ण नाही. आणि म्हणूनच आता अपग्रेडर परत चालवून उपयोग नाही, तो म्हणेल नवीन रिलीज सापडलं नाही, कारण त्याच्या लेखी तुम्ही आधीच २४.०४ वर आहात. उरलेलं हाताने पुरं करायचं.

झालं काय ते पण समजून घ्या. इनिटआरडी बनवताना उबंटू आधी '.न्यू' नावाने नवी फाइल लिहितं आणि पूर्ण झाली की मगच नाव बदलून जुन्याच्या जागी ठेवतं, म्हणजे तेवढ्या वेळापुरती एका फाइलीची जास्तीची जागा लागते. तुमच्याकडे आधीच तीन कर्नल होते, चौथा आला, त्याची इनिटआरडी लिहिता लिहिता पार्टिशन भरलं. अपग्रेडर सुरुवातीला /बूटमधे जागा आहे का हे तपासतो, पण तो अंदाज असतो, आणि एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर असला की इनिटआरडी चांगलीच फुगते. तुमच्या फाइलींचे आकार बघता एनव्हिडिया असणारच. लाईट गेली नसती तरी नवा कर्नल चालू झाला नसता, लाईट गेल्याने फक्त बाकीची पॅकेजंही मधेच राहिली. जुन्यांच्या फाइली शाबूत राहिल्या कारण अशा वेळी सगळ्यात नव्या कर्नलचीच इनिटआरडी बनवली जाते, जुन्यांना हात लावत नाहीत.

आता काम. चार्जर लावून, शक्यतो इन्व्हर्टर आहे अशा ठिकाणी बसा, ही महत्त्वाची अट आहे. कमांड मी इथे आपल्या लिपीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं. रिकव्हरीतून रूटमधे गेलात की डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडलेली असू शकते, म्हणून पहिल्यांदा

माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /

आणि मग

माउंट -ए

म्हणजे /बूट पण जोडलं जाईल. मग यूनेम -आर टाकून आत्ता कुठला कर्नल चालू आहे ते वाचा. तो ६.८ जुना असायला हवा. त्याच्या फाइलींना हात लावायचा नाही, लिहून ठेवा कागदावर.

आता जागा करायची. एरवी मी कुणालाही /बूटमधल्या फाइली आरएमने उडवा असं सांगत नाही, एपीटी (पॅकेजं आणणारा-काढणारा प्रोग्राम) च्या पर्ज कमांडनेच कर्नल काढायचे, पण आत्ता एपीटी अडकलेलं आहे आणि ते काही काढायलाच तयार होणार नाही, म्हणून दोनच फाइली हाताने काढायच्या. एक ती '.न्यू' वाली अर्धवट, आणि दुसरी सगळ्यात जुन्या ५.१५ ची इनिटआरडी. फक्त इनिटआरडी, व्हीएमलिनझ (खुद्द कर्नलची फाइल) नाही, सिस्टीम मॅप नाही, ग्रबचा फोल्डर तर अजिबात नाही. स्टार वगैरे वापरू नका, नाव पूर्ण टाइप करा, टॅब दाबला की आपोआप पूर्ण होतं, एंटरच्या आधी एकदा मोठ्याने वाचा. डीएफ परत टाका, पाव जीबीच्या आसपास मोकळं दिसेल.

मग खरी कमांड

डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

ही बराच वेळ चालेल. मधे एखाद्या सेटिंग फाइलबद्दल विचारेल की तुमची ठेवू का पॅकेजवाल्याची घेऊ, तुम्ही स्वतः ती फाइल कधी बदललेली आठवत नसेल तर नुसतं एंटर, म्हणजे तुमची राहते. झालं की

एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

आणि मग एपीटी फुल-अपग्रेड. हे दोन्ही काय काय काढणार त्याची यादी दाखवतात, ती वाचल्याशिवाय वाय दाबू नका. उबंटू-डेस्कटॉप किंवा नेटवर्क-मॅनेजर काढायच्या यादीत दिसलं तर थांबा आणि इथे फोटो टाका.

शेवटी अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के आणि पुढे नव्या कर्नलचं पूर्ण नाव, नंतर अपडेट-ग्रब, आणि रीबूट. फाइल आधीच बनलेली असली तर ती कमांड तसं सांगेल, मग -सी च्या जागी -यू. कुठे लाल एरर आली तर पुढे जाऊ नका, वाचून इथे टाका.

एलव्हीएम_काका

जुना_कर्नल यांनी व्यवस्थित सांगितलंय, मी फक्त एक जोडतो, ताईंना रिकव्हरी मोड मिळाला म्हणून त्यांना लागणार नाही, पण हा धागा उद्या दुसरं कोणी वाचेल आणि त्याचा एकही कर्नल चालू होत नसेल. त्याने पेनड्राइव्हवरून चालू करून सीएचरूट करायचं, म्हणजे तिथून डिस्कवरच्या सिस्टीमच्या आत शिरायचं. त्यात एका ठिकाणी माणसं नेमकी अडकतात आणि कुठल्याच व्हिडिओत ते नीट सांगत नाहीत.

एन्क्रिप्टेड डिस्क उघडताना क्रिप्टसेटअप ओपन कमांडमधे शेवटी एक नाव द्यावं लागतं. माणसं तिथे 'रूट', 'माय-डिस्क' असं काहीही देतात. डिस्क उघडते, फाइली दिसतात, सगळं बरोबर वाटतं. पण नंतर सीएचरूटमधे जाऊन इनिटआरडी बनवताना सिस्टीम बघते की चालू असलेल्या डिस्कचं नाव /ईटीसी/क्रिप्टटॅब मधे आहे का. नाही सापडलं तर एक बारीकशी वॉर्निंग देते आणि कुलूप उघडायची माहिती न घालताच इनिटआरडी बनवते. एरर नाही, फक्त वॉर्निंग, त्यामुळे दुर्लक्ष होतं. रीबूट केलं की पासवर्ड विचारतच नाही, थोडा वेळ थांबून 'इनिटरॅमएफएस' असं कंसात लिहिलेल्या प्रॉम्प्टवर टाकून देते आणि माणूस म्हणतो डिस्कच गेली.

म्हणून आधी डिस्क कशाही नावाने उघडून आतली क्रिप्टटॅब वाचा, पहिल्याच शब्दात नाव असतं, बहुतेक वेळा पार्टिशनच्या नावापुढे '_क्रिप्ट' जोडलेलं. ते कागदावर घ्या, डिस्क बंद करा, आणि परत त्याच नावाने उघडा. मग व्हीजीचेंज -ए वाय, रूट जोडा /एमएनटी वर, त्याच्या आत /बूट, त्याच्या आत /बूट/ईएफआय, मग /डेव्ह, /प्रॉक, /सिस आणि /रन बाइंड करून सीएचरूट /एमएनटी. पुढच्या कमांड वरच्याच. /बूट जोडायचं विसरलात तर नवी इनिटआरडी रूटच्या आतल्या रिकाम्या बूट फोल्डरमधे जाऊन बसते आणि रीबूटनंतर तेच ते पॅनिक, हेही फार वेळा पाहिलंय.

मांडणी_कर्वेनगर

बरंच पुढे गेलंय! जागा झाली, २७० एमबी मोकळं दिसलं. डीपीकेजी कॉन्फिगर पाऊण तास चाललं आणि जवळजवळ सगळं झालं, पण शेवटी दोन पॅकेजं अडकली, लिनक्स-हेडर्स आणि लिनक्स-इमेज, दोन्ही नव्या ६.८ चीच. एरर अशी आहे: 'एरर! बॅड रिटर्न स्टेटस फॉर मॉड्यूल बिल्ड ऑन कर्नल' आणि त्याच्या वर 'आरटीएल८८२१सीई' असं लिहिलंय, खाली 'डीकेएमएस' चं नाव घेऊन एक्झिट कोड. सांगितल्याप्रमाणे थांबलेय. याचा आणि अपग्रेडचा काय संबंध?

टर्मिनल_वारजे

आरटीएल८८२१सीई म्हणजे तुमच्या लॅपटॉपचं रियलटेकचं वायफाय कार्ड. २०.०४ आलं तेव्हा कर्नल ५.४ होता आणि त्यात या कार्डाचा ड्रायव्हरच नव्हता, म्हणून तेव्हा बरेचजण गिटहबवरून सोर्स आणून डीकेएमएसने बसवायचे, तुमच्या भावाने पण तेच केलं असणार आणि त्या वेळी तेच बरोबर होतं. डीकेएमएसचं काम असं की नवा कर्नल आला की तो ड्रायव्हर त्या कर्नलसाठी नव्याने कंपाइल करायचा. आता कर्नलच्या आतली रचना दर थोड्या आवृत्त्यांनी बदलते, जुना सोर्स नव्या कर्नलवर कंपाइल होत नाही, आणि कंपाइल फेल झालं की डीकेएमएस एरर देतं, त्यामुळे कर्नलचं पॅकेजच अर्धवट राहतं. वायफायच्या एका जुन्या ड्रायव्हरपायी अख्खा कर्नल अडतो, खरं तर हे असं व्हायला नको, पण होतं. व्हर्च्युअलबॉक्स आणि जुन्या ब्रॉडकॉम कार्डांचंही याच कारणाने अडतं.

आनंदाची गोष्ट ही की आता त्या ड्रायव्हरची गरजच नाही. आरटीडब्ल्यू८८ नावाचा ड्रायव्हर कर्नलमधेच आहे आणि तो हे कार्ड चालवतो. म्हणून

डीकेएमएस स्टेटस

टाका, त्यात त्या मॉड्यूलचं नाव आणि आवृत्ती दिसेल. तेच नाव आणि आवृत्ती देऊन डीकेएमएस रिमूव्ह, शेवटी --ऑल. मग परत डीपीकेजी --कॉन्फिगर -ए, आता दोन्ही पॅकेजं निमूट बसतील. यादीत एनव्हिडिया पण दिसेल, त्याला हात लावू नका.

एक राहिलं. तो गिटहबवाला ड्रायव्हर बसवताना कर्नलमधला ड्रायव्हर बंद करून ठेवायला सांगायचे, म्हणजे दोघांची मारामारी नको. /ईटीसी/मॉडप्रोब.डी या फोल्डरमधे ग्रेप लावून आरटीडब्ल्यू८८ शोधा, 'ब्लॅकलिस्ट' ने सुरू होणारी ओळ असेल तर तिच्यापुढे हॅश लावा आणि इनिटआरडी परत बनवा. नाहीतर सगळं चालू होईल आणि वायफायच दिसणार नाही. तोवर नेट लागलं तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा.

क्लीन_इन्स्टॉल

हे वाचून मला पण नवीन कळलं. माझ्या बहिणीच्या लॅपटॉपमधे हेच कार्ड आहे, तिचं २२.०४ करायच्या आधी डीकेएमएस स्टेटस बघून घेतो. नव्याने टाकणं हे माझं मत त्यांच्यापेक्षा मोकळा वेळ असलेल्यांसाठी तसंच आहे, पण इथे दुरुस्तीच योग्य होती.

मांडणी_कर्वेनगर

झालं!! ब्लॅकलिस्टची ओळ होती, काढली, सगळी पॅकेजं बसली, रीबूट केलं, डिस्कचा पासवर्ड विचारला तेव्हा खरंच डोळ्यांत पाणी आलं. डेस्कटॉप आला, वायफाय आलं, स्क्रायबस उघडलं आणि अंकाचं मुखपृष्ठ समोर आलं. घरात सगळ्यांना ओरडून सांगितलं. जुना_कर्नल, वारजेवाले दादा, काका, तुम्हा सगळ्यांना दोन्ही अंक माझ्याकडून घरपोच येतील, पत्ता मेसेजमधे द्या.

तीन बारीक गोष्टी राहिल्यात. मराठी कीबोर्ड गायब झालाय, मी फोनेटिक वापरते, वरच्या पट्टीत फक्त ईएन दिसतंय. दुसरं, स्क्रायबसने फाइल उघडताना ही जुन्या आवृत्तीत बनलीये असं काहीतरी सांगितलं, सेव्ह करू का? आणि तिसरं, त्या /बूटचं आता काय करायचं?

एलव्हीएम_काका

कीबोर्ड: सुडो एपीटी इन्स्टॉल आयबस-एम१७एन. मग लॉगआउट करून परत आत या, हे केल्याशिवाय यादीत दिसत नाही. सेटिंग्जमधे कीबोर्ड, तिथे इनपुट सोर्सेस, अधिकचं चिन्ह, मराठी, आणि त्यात फोनेटिक एम१७एन. आपल्या पुण्यातच रेड हॅटच्या लोकांनी भारतीय भाषांच्या फॉन्टवर आणि टायपिंगवर भरपूर काम केलंय, लोहित फॉन्ट त्यातलाच, त्यामुळे इथे काही अडलं तर विचारायला माणसं सापडतात.

स्क्रायबस: लगेच सेव्ह करू नका. फाइलची प्रत करून प्रत उघडा, जोडाक्षरं आणि ओळींचे तुकडे जिथे पडतात ती पानं जुन्या पीडीएफशी ताडून बघा, विशेषतः कवितांची पानं, तिथे एक ओळ खाली गेली तरी कवी फोन करतात आणि बरोबरच करतात. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्यात नीट उघडेलच असं नाही, म्हणून प्रेसवाल्यांकडे कुठली आवृत्ती आहे ते विचारा, आणि हा अंक शक्यतो पीडीएफनेच द्या.

जुना_कर्नल

अभिनंदन ताई, फार बरं वाटलं वाचून.

/बूट आता एपीटी सुरळीत आहे तेव्हा रीतसर साफ करा. यूनेम -आर ने चालू कर्नल पक्का करा, तो नवा ६.८ असला पाहिजे. मग दोन्ही ५.१५ चे लिनक्स-इमेज आणि लिनक्स-मॉड्यूल्स एपीटी पर्जने काढा. जुना ६.८ राहू द्या, अडचणीला एक जुना कर्नल हाताशी लागतोच, आज त्याच्यामुळेच आत जाता आलं. पुढे महिन्यातून एकदा एपीटी ऑटोरिमूव्ह, यादी वाचून.

इनिटआरडीचा आकारही कमी करता येतो, /ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/इनिटरॅमएफएस.कॉन्फ मधे 'मॉड्यूल्स=मोस्ट' च्या जागी 'डेप' लिहिलं की फक्त तुमच्याच मशीनला लागणारे ड्रायव्हर त्यात जातात. पण मी आत्ता ते करायला सांगणार नाही, डिस्क दुसऱ्या लॅपटॉपमधे घालायची वेळ आली तर तशी इनिटआरडी चालू होईलच असं नाही. दोन कर्नल ठेवले तर ७०५ एमबी तुम्हाला पुरतं.

अपग्रेडरने बाहेरचे पीपीए (उबंटूबाहेरचे सॉफ्टवेअरचे साठे) बंद करून ठेवले असतील, 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स' मधे 'अदर सॉफ्टवेअर' ला जाऊन बघा. ज्याचं २४.०४ साठी पॅकेज निघालंय तेवढेच परत चालू करा, बाकीचे काढून टाका. आणि अंक छापून होईपर्यंत दुसरं काही अपडेट लावू नका, फक्त सिक्युरिटीची तेवढी येऊ द्या. २४.०४ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, घाई नाही.